भंडाऱ्याचं व्हिडिओ चॅनेल

गेल्या दिवाळीत भंडाऱ्याला गेलो तेव्हा आईसाठी नवा टीव्ही घेतला. जुना, पोट सुटलेला टीव्ही तिने इतकी वर्षं वापरला की त्यातला लाल रंग केव्हाच निघून गेला होता. नट्यांचे ओठ हिरवे दिसत. केबलवाल्याच्या पोराला बोलावून एचडीचा बॉक्स पण बसवून घेतला. चित्र असं लख्ख की निवेदिकेच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता यावेत.

आईने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "साफ तर लय दिसते रे. पण आपल्या इकडचं काहीच लागत नाही का याच्यावर? तुझ्या बाबांची दंडार लागली होती तसं?"

केबलवाल्याचं पोरगं हसलं. म्हणालं, "काकू, ते व्हिडिओ चॅनेल बंद होऊन लय दिवस झाले."

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा डोक्यात हे सगळं फिरत राहिलं. पुण्याला परत आल्यावर थोडं वाचलं, थोडं जुनं आठवलं. घरची मंडळी हे वाचतात म्हणून आधीच सांगतो, बाबांच्या कॅसेटचा विषय शेवटी आहे. थेट तिथे उडी मारू नये. :)

आमच्याकडे टीव्ही आला तो आकाशातून. म्हणजे नागपूरहून. नागपूर साठेक किलोमीटर. सेमिनरी हिल्सवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवर बांबूला बांधलेला अँटेना, खाली खिडकीत एकजण, मध्ये जिन्यावर एकजण निरोप्या. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "थोडं अजून... हां हां, थांब!" २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झालं त्या वर्षभरात हा संवाद आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी झाला असेल. वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि ऐन युद्धात रावण मुंग्यांत गडप व्हायचा.

केबल टीव्हीचा जन्म नेमका ह्याच त्रासातून झाला आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगनच्या डोंगराळ गावांत टीव्ही दिसेना. तेव्हा तिथल्या दुकानदारांनी टेकडीवर एक उंच अँटेना उभा केला आणि तिथून घरोघर वायर नेली. अख्ख्या गावाचा मिळून एक सामायिक अँटेना. म्हणून नाव पडलं कम्युनिटी अँटेना टेलिव्हिजन. नावातच गाव होतं.

आपल्याकडे केबल आली ती दुसऱ्या दाराने. शहरातल्या इमारतींत आधी व्हीसीआर आले. एका खोलीत सिनेमा लावायचा आणि वायरीने चार घरांत दाखवायचा. छत्र्या आल्या त्या नंतर, १९९१ च्या आखाती युद्धाच्या आगेमागे. त्या छत्र्या ज्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या त्या एशियासॅट-१ उपग्रहाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत तो वेस्टार-६ या नावाने उडाला, भलत्याच कक्षेत भरकटला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधल्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हातांनी धरून परत आणला. डागडुजी झाली, विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणावर बसून नव्या नावाने पुन्हा वर गेला. म्हणजे स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालेलं झी, हे आम्ही एका सेकंडहँड उपग्रहावरून बघितलं. भंडाऱ्याच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. भांडी मोडीत घालून नवी करणारं, पितळेचं गाव आहे आमचं.

तर आमच्या केबलवाल्या भाऊंची खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. गच्चीवर तीन छत्र्या, खाली दहा बाय दहाच्या खोलीत लोखंडी मांडणी. एकेका चॅनेलसाठी एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर. मॉड्युलेटरचं काम इतकंच की आलेलं चित्र एका ठरावीक जागेवर बसवायचं. मग सगळ्यांच्या वायरी एकत्र करून एकच जाड काळी वायर बाहेर काढायची. ती विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, लोकांच्या छपरांवरून गावभर. दर काही अंतरावर बूस्टर. लोडशेडिंगमध्ये आपल्या घरी वीज असली आणि बूस्टर ज्या गल्लीत आहे तिथली गेली, तरी आपलं चित्र गेलं. मग भाऊंच्या घरी फोन. त्यांची बायको पाठ केल्यासारखं सांगायची, "लाईन आली की येईल जी."

आणि त्या मांडणीवर सगळ्यात खाली एक व्हीसीआर होता. त्याच्यासाठीही एक मॉड्युलेटर. बस्स. एक व्हीसीआर आणि एक मॉड्युलेटर जोडला की गावाचं स्वतःचं टीव्ही चॅनेल तयार! ना परवाना, ना स्टुडिओ. दुपारी एक हिंदी सिनेमा, रात्री एक. पण मधल्या वेळात जे लागायचं ते कुठल्याही उपग्रहावर नव्हतं. गणपती विसर्जनाची मिरवणूक. शाळेचं स्नेहसंमेलन (त्यात आमची ताई पडद्यामागून कोणाचं तरी वाक्य मोठ्याने सांगताना ऐकू येते). लग्नाच्या शुभेच्छा, निधनाच्या बातम्या, पाणी उद्या नाही, अमुक रंगाच्या फ्रॉकातली पोरगी हरवली आहे. पडद्याच्या खालून डुगडुगत जाणारी अक्षरं, अर्ध्या वेलांट्या चुकलेल्या.

मंडईच्या दिवसांत तर विचारू नका. जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मंडई म्हणजे आमच्या भागात भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं आणि रात्रभर दंडार, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. बाबा लाखनीकडच्या आमच्या मूळ गावात दंडारीत काम करत. नोकरी भंडाऱ्याला, पण दिवाळी आली की त्यांचे पाय थांबत नसत. १९९६ ला भाऊंनी एका फोटोग्राफरला पाठवून ती रात्र कॅसेटवर घेतली आणि चार दिवसांनी व्हिडिओ चॅनेलवर लावली. बाबा टीव्हीवर! शेजारपाजारचे वीस जण आमच्या खोलीत. बाबा स्वतः मात्र बाहेर अंगणात बिडी ओढत बसले होते. आत यायला लाजले.

हे असं चॅनेल चालवणं कायद्यात बसत होतं का? गंमत अशी की बराच काळ याला कायदाच नव्हता. १९९४ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमन कायदा आला. त्यानुसार केबलवाल्याने नोंदणी करायची ती कुठे? मुख्य पोस्टात! हेडपोस्टमास्तर हा तेव्हा केबलचा नोंदणी अधिकारी होता. मनीऑर्डरच्या खिडकीशेजारी टीव्हीची नोंदणी. पत्र घरोघर पोचवणाऱ्या खात्याकडे चित्र घरोघर पोचवणाऱ्यांची वही असायची, हे मला तरी मनापासून आवडतं.

त्याच कायद्याने केबलवाल्यावर एक सक्ती केली, दूरदर्शनची चॅनेलं दाखवलीच पाहिजेत. चांगलं आहे. पण आपल्या गावासाठी एक जागा राखून ठेवलीच पाहिजे, असं त्यात कुठे नव्हतं. दिल्ली दाखवायची सक्ती, भंडारा दाखवायची मुभा. मुभा असेपर्यंत कोणाला त्याची काळजी नव्हती.

खरं तर गावाने टीव्ही बघायचा की गावाने टीव्हीत दिसायचं, हा प्रश्न आपल्या देशात फार आधी विचारून झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर 'साईट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत थेट टीव्ही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री आणि पंचायतीत एक सार्वजनिक टीव्ही संच. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आमच्या सीमेपलीकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, रायपूरकडची गावं होती. म्हणजे छत्तीसगडातल्या खेड्यांनी उपग्रहाचा टीव्ही आमच्या आधी पंधरा वर्षं बघितला!

त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात इस्रोने आणखी एक वेगळं काम केलं. पीज नावाच्या गावात एक छोटा ट्रान्समीटर आणि आसपासच्या चारेकशे गावांत सार्वजनिक संच. कार्यक्रम तिथल्याच लोकांवर, त्यांच्याच बोलीत. मजुरी, अस्पृश्यता, दुधाची सोसायटी, सासूसुनेचे वाद. गावकरीच त्यात बोलत, कामंही करत. १९८४ मध्ये त्याला युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ते बंद पडलं. ही आपली जुनी सवय. असो.

आता चित्र साफ कसं झालं ते. २०११ च्या शेवटी संसदेने कायदा बदलला आणि केबल डिजिटल करायची सक्ती आली. आधी चार महानगरं, मग ३१ मार्च २०१३ पर्यंत ३८ शहरं, त्यात नागपूर. भंडारा, तुमसर, पवनीसारख्या छोट्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख होती, आणि उरलेल्या खेड्यांना शेवटी वाढवून ३१ मार्च २०१७. कोर्टकचेऱ्यांमुळे काही ठिकाणी थोडं पुढेमागे झालं, पण झालं.

जुन्या पद्धतीत एका चॅनेलला वायरीवर एक पूर्ण जागा लागायची. डिजिटलमध्ये त्याच एका जागेतून सेकंदाला साधारण ५० मेगाबिट माहिती जाते. चित्र नीट दाबून बसवलं तर त्यात वीसेक साधी चॅनेलं मावतात. एचडी मात्र सहा-सातच. कारण उघड आहे. साधं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, एचडी १९२० गुणिले १०८० चं. कागदावर गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट येतं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचे नवे दर लागू झाले, तेव्हा नियमातच आलं की एक एचडी चॅनेल म्हणजे दोन साधी चॅनेलं धरायची. एसटीत धिप्पाड माणसाकडून दोन तिकिटं घ्यावीत तसं.

शिवाय जुनी तांब्याची वायर आणि ओळीने लावलेले बूस्टर एचडीला पुरे पडत नाहीत. प्रत्येक बूस्टर चित्राबरोबर थोडी घाणही वाढवतो. पूर्वी त्यामुळे फक्त मुंग्या यायच्या, तरी चेहरा ओळखू यायचा. डिजिटलमध्ये मधली गोष्ट नाही. एकतर झकास, नाहीतर चौकोन-चौकोन होऊन सगळं ठप्प. म्हणून लांबचा पल्ला काचेच्या तारेने, म्हणजे फायबरने, आणि तांबं फक्त शेवटच्या गल्लीत. तेव्हा आमच्याकडे नागपूरहून फायबर आली, जुन्या सहा नंबरच्या हायवेच्या कडेने (आता त्याचा नंबर ५३ झालाय). भाऊंच्या गच्चीवरच्या छत्र्या भंगारात गेल्या. खोलीतली मांडणी गेली. तिच्या जागी भिंतीवर एक छोटी पेटी आली, हिरवा दिवा लुकलुकणारी.

आणि खाली ठेवलेला व्हीसीआर?

त्याला जोडायला जागाच उरली नाही. आता सगळी चॅनेलं नागपुरात एकत्र बांधली जातात, तिथेच त्यांना कुलूप लागतं आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या घरातल्या बॉक्समध्ये असते. वाटेत भंडाऱ्याला मध्येच एक चॅनेल टाकतो म्हटलं, तर बॉक्स ते ओळखतच नाही. भाऊंनी काही महिने जुन्या पद्धतीनेच वायरीवर सोडून बघितलं. पण मग बॉक्सची पिन काढून वायर थेट टीव्हीला लावावी लागे. एकदा सून चिडली, एकदा रिमोट हरवला, संपलं.

नीट मार्ग होता. भंडाऱ्यात एक एन्कोडर बसवायचा, चित्र त्याच फायबरच्या दुसऱ्या तारेने नागपूरला पाठवायचं, तिथे त्याला कुलूप आणि नंबर मिळणार, आणि मग तेच चित्र साठ किलोमीटर परत भंडाऱ्याला. गांधी चौकातली बातमी गांधी चौकाला कळायला एकशेवीस किलोमीटरचा प्रवास! पण तंत्राच्या दृष्टीने यात अवघड काही नाही. भाऊ त्या वेळी ज्या कंपनीकडून सिग्नल घेत, तिच्याकडे जाऊन आले. त्यांना सांगितलं गेलं की नंबर मोकळा नाही, असला तर वर्षाचं भाडं पडेल. भाड्याचा आकडा ऐकून ते पुढची एसटी पकडून परत आले. २०१६ मध्ये बड्या मराठी वाहिन्यांची एचडी चॅनेलं निघाली. दुप्पट-तिप्पट जागा खाणारे असे पाहुणे दारात उभे असताना, चुकलेल्या वेलांट्यांचं भंडाऱ्याचं चॅनेल कोण आत घेणार?

माझा चुलत भाऊ बोस्टनजवळच्या एका गावात राहतो (तू वाचतोयस हे माहीत आहे, कॉमेंट टाक). त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडेही हीच बोंब होती. त्यांच्या गावात नगरसभेची बैठक, शाळेचे सामने केबलवर दिसतात. तिथे १९८४ च्या कायद्यानुसार गाव केबल कंपनीशी करार करताना स्थानिक चॅनेलसाठी जागा मागू शकतं आणि कंपनीच्या तिथल्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फीही घेऊ शकतं. पण जागा मागता येते म्हणजे चांगली जागा मिळते असं नाही. सगळी चॅनेलं एचडी झाली तरी तिथल्या बऱ्याच गावांची चॅनेलं धुरकटच राहिली. गावांनी कॅमेरे एचडी घेतले, पण वायरीवर एचडीची जागा मिळवायला करार संपायची वाट बघत, नव्या करारात भांडावं लागलं. तरी भांडायला निदान करार होता.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२२ ला नियम निघाले. मोठ्या केबल कंपन्या, ज्यांना धंद्यात एमएसओ म्हणतात, त्यांच्या स्वतःच्या चॅनेलांसाठी. दर चॅनेलला १००० रुपये नोंदणी, ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं, स्थानिक बातम्या द्यायच्या तर नोंदणीकृत कंपनीच हवी. आणि अशी चॅनेलं एकूण क्षमतेच्या जास्तीत जास्त ५ टक्के. तिकडे पण पाच, इकडे पण पाच! तिकडे गावाला द्यायची कमाल रक्कम, इकडे गावाने व्यापायची कमाल जागा. आणि तीही कंपनीच्या मर्जीची. रेडिओसाठी २००६ पासून संस्थांना सामुदायिक केंद्र काढता येतं. टीव्हीसाठी तसं काही झालेलं नाही.

मी काही जुन्या केबलचे पोवाडे गाणार नाही. त्या चॅनेलवर चोरून आणलेल्या कॅसेटचे सिनेमे लागत, निवडणुकीत ज्याचे पैसे त्याची मिरवणूक दिसे, आणि दलित वस्तीतली जयंती किती वेळ दाखवायची हे शेवटी भाऊंच्याच हातात असे. पण २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा मला त्या चॅनेलची फार आठवण झाली. संजय सरोवराचं पाणी सुटलं होतं, खाली गोसीखुर्दचे दरवाजे उघडले होते, शहराच्या सखल भागात पाणी शिरलं होतं. करोनाचे दिवस, मी पुण्यात अडकलेलो, आई एकटी. आईकडच्या बॉक्सवर तीनशेच्या वर चॅनेलं. त्यातल्या मराठी बातम्यांवर भंडारा मधूनच दिसे, तेच ते हेलिकॉप्टरसारखं वरून घेतलेलं चित्र, परत परत. पाणी आमच्या गल्लीच्या कुठल्या टोकापर्यंत आलंय, ते एकाही चॅनेलला सांगता येत नव्हतं. व्हॉट्सअपवर तर धरण तीन वेळा फुटून झालं होतं. शेवटी भाऊंनीच फोन उचलला आणि म्हणाले, "काहून घाबरतेस बापा, मी आताच पाहून आलो. तुमच्या इकडे नाही येत पाणी." तेच वाक्य आधी एका कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं असतं, तर गावातल्या किती घरांना पुरलं असतं.

आता भाऊ थकले आहेत. पोराचं इंटरनेटचं काम जोरात आहे, त्याच फायबरवर. एचडी चॅनेलांपेक्षा लोकांना तेच हवंय. तो म्हणतो, काका, आता यूट्यूबवर टाका नं, चॅनेल कशाला पाहिजे. टाकतातही लोक, मंडईची नाटकं असतात तिथे. पण आई शोधणार कशी? ती नंबर दाबते. आठ नंबर म्हणजे व्हिडिओ चॅनेल, हे तिच्या बोटाला पाठ होतं.

दिवाळीतच दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेलो. माळ्यावर पत्र्याची पेटी होती, कॅसेटांनी भरलेली. अर्ध्यांवरची लेबलं वाळवीने खाल्लेली, काहींच्या फितीवर पांढरी बुरशी. तासभर शोधल्यावर सापडली. 'मंडई ९६', भाऊंच्याच अक्षरात. फीत वरून तरी ठीक दिसतेय. ती मी कापडात गुंडाळून पुण्याला आणली आहे. पुण्यातल्या एका दुकानात दाखवली, ते म्हणाले करून देऊ, पण एचडी टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि चित्र फुटेल. येऊ देत.

अडचण एवढीच की त्यांचा व्हीसीआर फिती खातो, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. तेव्हा मंडळी, कोणाकडे हेड साफ केलेला, खात्रीचा व्हीसीआर असेल तर कळवा. पुणे, नागपूर, कुठेही. मी स्वतः कॅसेट घेऊन येईन, कुरियरने पाठवणार नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही.